रॉग अ‍ॅलाय घेतलाय: पहिल्या दिवशी काय काय लावून घ्यावं?

वैनगंगा

नमस्कार मंडळी. रॉग अ‍ॅलाय घेतला आहे, म्हणजे असूसचा हातात धरून खेळायचा विंडोज पीसी. २०२३ चं मॉडेल, झेड१ एक्स्ट्रीम चिप, १६ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी. सध्या फक्त खोक्यातून काढून चार्जिंगला लावलाय. डेस्कटॉपवर गेमिंगची सवय आहे, त्यामुळे ड्रायव्हर आणि ग्राफिक्स सेटिंगची मुळाक्षरं नकोत. अडतंय ते बॅटरीपाशी. १०८० पिक्सेल, सगळं हाय आणि टर्बो मोड लावला तर तासाभरात बॅटरी संपते, असं सगळीकडे वाचतोय. मग नेमकं लावायचं काय?

खेळायचंय ते असं: एल्डन रिंग, सायबरपंक २०७७, हेडीस आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा राजी. व्हॅलोरंट डेस्कटॉपवरच राहील.

आणखी तीन शंका. घरात मोबाइलचा ८० वॅटचा चार्जर आहे, प्रवासात तोच चालेल का? राहायला नागपूर, मे महिन्यात दुपारी खोलीतच ३८-४० अंश असतात. मशीनला झेपेल का? आणि विंडोज काढून स्टीमओएस (स्टीमवाल्या वाल्व कंपनीची लिनक्सवरची प्रणाली) टाकावं का?

सातपुडा_मीटरगेज

पहिली संध्याकाळ अपडेटला द्या आणि गेम दुसऱ्या दिवशी उघडा. अर्धवट अपडेट झालेल्या मशीनवर सेटिंग लावत बसलात तर ती सगळी परत लावावी लागतात.

क्रम असा ठेवा. आधी विंडोज अपडेट. रीस्टार्ट करून पुन्हा तपासा, काही शिल्लक नाही असं दिसेपर्यंत. मग मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधली अ‍ॅप्स. त्यानंतर आर्मरी क्रेट या असूसच्या सेटिंग अ‍ॅपमधलं अपडेट सेंटर, आणि शेवटी मायअसूस अ‍ॅपमधून बायोस (मशीन चालू करणारं मूळ सॉफ्टवेअर). बायोसच्या वेळी चार्जर लावलेला हवा. मध्येच पडदा काळा पडतो, पंखा जोरात फिरतो; तेव्हा घाबरून पॉवर बटण दाबून धरू नका. ग्राफिक्स ड्रायव्हर असूसने दिलेलाच घ्या. एएमडीच्या साइटवरचा सर्वसाधारण ड्रायव्हर या चिपसाठी नसतो.

बायोसला हात लावण्यापूर्वी एक काम नक्की करा. विंडोज ११ मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क बहुधा आपोआप एन्क्रिप्ट होते. बायोस बदलल्यावर किंवा सिक्युअर बूट बंद केल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. खात्याच्या वेबसाइटवर जाऊन ती की आत्ताच कागदावर उतरवून ठेवा. त्या निळ्या पडद्यासमोर की नसली तर आतला सगळा डेटा गेला असंच समजा.

आता बॅटरी. ती ४० वॅट-तासांची आहे. आर्मरी क्रेटमधला वॅटचा आकडा फक्त चिपचा असतो. पडदा, पंखा, वाय-फाय, एसएसडी मिळून आणखी ८ ते १० वॅट जातात. म्हणजे १५ वॅटच्या परफॉर्मन्स मोडला एकूण खर्च २४ च्या आसपास, आणि ४० भागिले २४ म्हणजे साधारण १ तास ४० मिनिटं. २५ वॅटच्या टर्बोला हाच हिशोब १ तास १० मिनिटांवर येतो. १० वॅटच्या सायलेंटला दोन तासांहून थोडे जास्त मिळतात.

यातली खरी गोम पुढे आहे. १५ चे २५ वॅट केले तर चिपचा खर्च दोन-तृतीयांशाने वाढतो, फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) त्या मानाने वाढतच नाहीत. क्लॉक चढवायचा तर व्होल्टेजही चढवावं लागतं, आणि शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ सगळ्यात जास्त वीज खातात. शिवाय सीपीयू आणि जीपीयू (चिपमधला ग्राफिक्सचा भाग) एकाच रॅमवर जगतात. रॅमचा वेग तोच राहिला तर जीपीयूला जादा वॅट देऊन तो डेटाची वाटच बघत बसतो. म्हणून झेड१ एक्स्ट्रीमचा बरा पट्टा १३ ते १८ वॅटचा. टर्बो ठेवायचा तो चार्जर लावून टीव्हीवर खेळताना.

दुसरी गोष्ट फ्रेमची मर्यादा. डेस्कटॉपवरून येणारा माणूस ६० च्या खाली जायला तयार नसतो, पण ४० वर थोडा वेळ खेळून बघा. ३० फ्रेमला एक चित्र ३३.३ मिलिसेकंद टिकतं, ६० ला १६.७, आणि ४० ला बरोबर २५, म्हणजे वेळेच्या हिशोबात दोघांच्या अगदी मध्यावर. पडदा १२० हर्ट्झचा, त्याला ४० ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रत्येक चित्र तीनदा दाखवलं जातं आणि हालचाल एकसारखी राहते. मर्यादा लावली नाही तर सोप्या दृश्यात मशीन उगाच ७०-८० फ्रेम काढत बसतं आणि बॅटरी त्यातच जाते.

पिक्सेलचा हिशोबही मांडून बघा. १०८० ला २०,७३,६०० पिक्सेल, ७२० ला ९,२१,६००, म्हणजे निम्म्याहूनही कमी काम. सात इंची पडद्यावर एफएसआर (कमी पिक्सेलचं चित्र मोठं करून दाखवणारं एएमडीचं तंत्र) लावलेलं ७२० किंवा ९०० हातभर अंतरावरून चांगलं दिसतं. बारीक अक्षरं मात्र त्रास देतात, त्यामुळे जिथे गेम परवानगी देतो तिथे अक्षरांचा आकार वाढवा.

तुमच्या गेमचं:

हेडीस सायलेंटवर, १०८० ला ६० फ्रेमची मर्यादा. एवढंच.

सायबरपंकच्या ग्राफिक्समध्ये स्टीम डेक (वाल्वचं असंच हातातलं मशीन) नावाचा तयार प्रीसेट आहे, तिथून सुरुवात करा. ९०० पिक्सेल, एफएसआर बॅलन्स्ड, १५ ते १८ वॅट, मर्यादा ४०. आधी गर्दीची घनता कमी करा, कारण ती सीपीयूवर पडते आणि चौकात फ्रेम तिच्यामुळेच घसरतात.

एल्डन रिंगमध्ये स्वतःचा एफएसआर नाही. त्याला ड्रायव्हरमधलं रेडिऑन सुपर रेझोल्यूशन चालू करा, गेम फुलस्क्रीन ठेवा आणि गेममध्ये ९०० किंवा ७२० निवडा. गेमचं रेझोल्यूशन पडद्याइतकंच राहिलं तर हे काहीच करत नाही. बरेच जण इथेच अडकतात.

राजी १५ वॅट आणि ९०० पासून सुरू करून वॅट खाली आणत जा.

खाली आणायचं कसं, तर पडद्याच्या डावीकडचं कमांड सेंटरचं बटण दाबा, मॅन्युअल मोड निवडा आणि फ्रेम-वॅट दाखवणारी पट्टी चालू ठेवा. गेममधल्या सगळ्यात जड जागी उभे राहा. दोन-दोन वॅट कमी करत जा; फ्रेम ४० च्या खाली डुचमळायला लागली की दोन वॅट परत वर. तो आकडा त्या गेमच्या प्रोफाइलला जोडून ठेवा. मॅन्युअलमध्ये तीन पट्ट्या दिसतील. एसपीएल म्हणजे सतत मिळणारे वॅट, बाकीच्या दोन थोड्या वेळापुरत्या उसळीच्या. बॅटरीवर तिन्ही जवळजवळ सारख्या ठेवा, नाहीतर तुम्ही १३ लावता आणि मशीन मधूनमधून २० च्या वर जातं.

जीपीयूला राखून ठेवलेली मेमरी ४ जीबीवरून ६ करा. ८ केली तर विंडोज आणि गेम मिळून ८ वर येतात, आणि सायबरपंकसारख्या गेममध्ये मग झटके बसतात. ड्रायव्हरमधलं फ्रेम जनरेशन ३०-४० फ्रेमवर लावू नका. मुळात ५५-६० फ्रेम असतील तरच ते कामाचं. त्याखाली चित्र विस्कटतं आणि बटण दाबल्यापासूनचा उशीर वाढतो.

दर्यावर्दी

वरचं सगळं पटलं. चार्जर, झोप आणि उन्हाळा यांवर मी लिहितो.

८० वॅटचा मोबाइल चार्जर बहुधा कामाचा नाही. ते ८० वॅट त्या कंपनीच्या फोनशी, तिच्या स्वतःच्या पद्धतीनेच मिळतात. अ‍ॅलायला पॉवर डिलिव्हरी (टाइप-सीवरून चार्जिंगची सामाईक पद्धत) लागते, आणि त्या भाषेत असे बरेच चार्जर खूपच कमी वॅट देतात. चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा: आउटपुटच्या ओळीत २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असं लिहिलेलं हवं. ते नसेल तर खेळताना चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते आणि टर्बोला चार्जरवर जे २५ ऐवजी ३० वॅट मिळतात, ते मिळत नाहीत. केबलकडेही बघा. साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरची, म्हणजे जास्तीत जास्त ६० वॅटची असते. त्यापुढे ५ अँपिअरची, १०० वॅट लिहिलेली केबल लागते.

पॉवर बँकेचंही तेच. २२.५ वॅटची घेऊ नका, टाइप-सी तोंडातून ६५ वॅट देणारी घ्या. २०,००० एमएएच म्हणजे ३.७ व्होल्टला ७४ वॅट-तास. रूपांतरात थोडे जातात, ६० च्या आसपास हाती लागतात, म्हणजे अ‍ॅलायची दीड वेळा भरणी. विमानात ती केबिन बॅगेतच ठेवावी लागते, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि विनापरवानगी मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. २७,००० एमएएच त्या रेषेवर येते, त्यामुळे २०,००० ची घेतलेली बरी.

आता झोप. विंडोजचं स्लीप हे फोनसारखं अर्धवट जागं राहणारं असतं. बॅगेत ठेवलेलं मशीन अपडेटसाठी किंवा नेटवर्कसाठी जागं होतं, पंखा कापडात कोंडतो, आणि बाहेर काढेपर्यंत मशीन तापलेलं आणि बॅटरी उतरलेली. उपाय सोपा आहे: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, पॉवर बटण काय करेल ते निवडा, आणि बॅटरी व चार्जर दोन्हीकडे हायबरनेट लावा. यादीत हायबरनेट दिसत नसेल तर त्याच पानावर वरती बदल करण्याची परवानगी देणारी ओळ आहे, ती दाबल्यावर खालचे चौकोन उघडतात. जागं व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, पण बॅगेत मशीन खरोखर बंद असेल. ऑनलाइन गेम मात्र तुटतात, तेव्हा आधी सेव्ह करा.

नागपूरच्या उन्हाळ्याबद्दल. वाल्वने स्टीम डेकसाठी ० ते ३५ अंश हवा योग्य म्हटलं आहे; अ‍ॅलायलाही तोच अंदाज धरून चाला. हवा मागच्या जाळीतून आत जाते, वरच्या फटीतून गरम बाहेर पडते. आत येणारी हवाच ४० ची असेल तर पंख्याला काढून टाकायला वाव कमी उरतो, चिप स्वतःहून वेग कमी करते आणि फ्रेम डळमळतात. म्हणून मे महिन्यात दुपारी १२-१३ वॅटच्या वर जाऊ नका, आणि गादीवर किंवा उशीवर मागची जाळी टेकवून खेळू नका. कूलरसमोर बसणार असाल तर थेट झोतात नको. गवताच्या ताट्या ओल्या असतात, हवेत दमट तुषार येतात आणि हाच पंखा ते आत ओढतो. बाजूला बसा.

चिपपेक्षा काळजी बॅटरीची करा. गरम खोलीत टर्बो आणि चार्जिंग एकदम चालू ठेवणं तिच्यासाठी सगळ्यात वाईट. मशीन बहुतेक वेळ चार्जरवर राहणार असेल तर मायअसूसमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा, आणि प्रवासाच्या आदल्या रात्री ती काढा. उन्हात उभ्या गाडीत मशीन ठेवून जाऊ नका, दहा मिनिटंसुद्धा नाही.

खडकवासला_धरण

वरचे दोन्ही प्रतिसाद मोलाचे आहेत, पण त्यातली निम्मी मेहनत विंडोजमुळे आहे. तुमच्या यादीतले गेम बघता मी स्टीमओएस टाका म्हणेन.

कारण सांगतो. पॉवर बटण दाबलं की गेम आहे तिथे थांबतो, परत दाबलं की काही सेकंदांत तिथूनच सुरू. वॅट, फ्रेमची मर्यादा आणि एफएसआर हे सगळं एकाच बाजूच्या मेनूत, प्रत्येक गेमचं वेगळं. शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) बरेचसे गेम सुरू होण्याआधीच तयार होतात, त्यामुळे पहिल्यांदा नवी जागा दिसताना बसणारे झटके कमी होतात. एल्डन रिंग २०२२ मध्ये आला तेव्हा हे झटके विंडोजवर खूप होते, आणि वाल्वच्या लोकांनी प्रोटॉनमध्ये (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) त्यावर उपाय करून डेकवर तो गेम जास्त सुरळीत चालवला होता. २०२५ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपासून अ‍ॅलायसारख्या इतर मशीनवर स्टीमओएस बसवणं सोपं झालंय.

मर्यादाही स्पष्ट सांगतो. व्हॅलोरंट, फोर्टनाइट, कॉल ऑफ ड्युटीचे नवे भाग चालत नाहीत. त्यांचं अँटी-चीट (फसवून खेळणाऱ्यांना रोखणारं सॉफ्टवेअर) लिनक्सला परवानगी देत नाही. एपेक्स लेजंड्सही ऑक्टोबर २०२४ पासून बंद आहे. पीसी गेम पासचे (मायक्रोसॉफ्टच्या वर्गणीतले) डाउनलोड केलेले गेमही नाहीत. तुमच्या चारही गेमना यातलं काही आडवं येत नाही. कुठलाही नवा गेम विकत घेण्याआधी प्रोटॉनडीबीवर (कुठला गेम लिनक्सवर कसा चालतो ते खेळाडू लिहितात ती साइट) त्याचं पान बघा, आणि तिथले ताजे शेरे वाचा. दोन वर्षांपूर्वीच्या शेऱ्यांना अर्थ नसतो.

बसवण्याआधी: विंडोजमधून बायोस अपडेट करून घ्या, किमान ८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, आणि टाइप-सी हब घ्या, कारण या अ‍ॅलायला एकच तोंड आहे आणि तिथे चार्जर आणि पेन ड्राइव्ह दोन्ही लागतात. बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद करावं लागतं. आणि वाल्वची रिकव्हरी प्रतिमा पूर्ण डिस्क पुसते, विंडोजसकट.

सातपुडा_मीटरगेज

@खडकवासला, झोपेच्या बाबतीत स्टीमओएस वरचढ आहे, यात वाद नाही. पण नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात डिस्क पुसायला लावणं मला पटत नाही. मशीनमध्ये काही मूळचा दोष असेल, उदाहरणार्थ स्टिक सरकणं, एखादं बटण न लागणं, पडद्यावर मेलेला पिक्सेल, तर तो विंडोज असतानाच पकडलेला बरा. सर्व्हिस सेंटरला मूळ अवस्थेतलं मशीन दाखवलं की बोलणं लवकर संपतं. पहिला महिना विंडोजवर काढा आणि दोष निघतो का ते बघा. शिवाय नोव्हेंबर २०२५ पासून एक्सबॉक्सचा फुलस्क्रीन मोड इतर विंडोज हँडहेल्डनाही मिळू लागला आहे; सेटिंग्जमधल्या गेमिंगमध्ये तो दिसला तर चालू करा. डेस्कटॉपचा बराच भाग त्यात लोडच होत नाही, त्यामुळे १६ जीबी रॅमवर फरक जाणवतो.

वैनगंगा, स्टिकची तपासणी आजच करा. आर्मरी क्रेटमध्ये कॅलिब्रेशनच्या पानावर स्टिक सोडून द्या आणि ठिपका मध्यावर स्थिर राहतो का ते बघा. चारही बाजूंना पूर्ण नेऊन सोडा, पुन्हा बघा. किंचित हलत असेल तर डेडझोन (मध्याजवळची हालचाल मोजली जात नाही तो भाग) ४-५ टक्के ठेवून भागतं. आणि गेममध्ये स्टिक हलवल्यावर माऊसचा बाण सरकू लागला तर मशीन बिघडलेलं नाही. कंट्रोल मोड डेस्कटॉपवर अडकलाय. कमांड सेंटरमधून गेमपॅड करा.

वैनगंगा

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. अपडेट चालू आहेत, रिकव्हरी की उतरवून घेतली. चार्जरवर २० व्होल्टची ओळच नाही, म्हणजे तो बाद. महिनाभर विंडोजच ठेवतो.

आता जागेचा प्रश्न. ५१२ जीबीमध्ये तीन मोठे गेम बसले की संपलं. एसएसडी बदलावी की मेमरी कार्ड घ्यावं? आणि घरी लाइन ५० एमबीपीएसची आहे. सायबरपंक डेस्कटॉपवर आहेच, तो परत उतरवावा लागेल का?

दर्यावर्दी

परत उतरवू नका. ५० एमबीपीएसने ७० जीबी यायला तीन तासांहून जास्त लागतात. दोन्ही मशीनवर एकाच खात्याने स्टीम उघडा, दोन्ही एकाच राउटरवर असू द्या, आणि दोन्हीकडे सेटिंग्ज, डाउनलोड्समध्ये स्थानिक नेटवर्कवरून गेम फाइल पाठवण्याची परवानगी द्या. मग अ‍ॅलायवर इन्स्टॉल दाबलं की गेम डेस्कटॉपवरून येतो. डेस्कटॉप केबलने राउटरला जोडलेला आणि अ‍ॅलाय ५ गिगाहर्ट्झ वाय-फायवर असेल तर काम बरंच लवकर उरकतं. डेस्कटॉपवरचा गेम आधी पूर्ण अपडेट झालेला असू द्या, नाहीतर उरलेला भाग इंटरनेटवरून येतो.

या मॉडेलला कार्डापेक्षा एसएसडी बदला. २०२३ च्या अ‍ॅलायमध्ये कार्डाची खाच गरम हवेच्या वाटेजवळ आहे, आणि उष्णतेमुळे काही मशीनमध्ये कार्ड रीडर बिघडू शकतो, हे असूसने स्वतः मान्य केलंय. कार्ड घेतलंच तर त्यात छोटे गेम ठेवा, आणि विकत घेतल्या दिवशी एच२टेस्टडब्ल्यू या तपासणीच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. ५१२ जीबी लिहिलेली नकली कार्डं आत बऱ्याचदा ६४ चीच असतात. तेवढी भरली की पुढच्या फाइल गायब होतात.

एसएसडी एम.२ २२३० हवी, म्हणजे ३० मिलिमीटर लांबीची, पीसीआयई ४.०. लॅपटॉपमधली नेहमीची २२८० बसत नाही. ती अ‍ॅलाय एक्समध्ये बसते. चिप्स एकाच बाजूला असलेली घ्या.

मशीन हायबरनेट नव्हे, पूर्ण बंद करा. मागे सहा फिलिप्स स्क्रू आहेत. खालच्या मधला स्क्रू सैल होतो पण निघून येत नाही, तो ओढू नका. झाकणाच्या कडेत प्लास्टिकची पट्टी घालून खालच्या बाजूने उचलत जा; धातूचा स्क्रूड्रायव्हर घातला तर कड चेपते. आधी बॅटरीचा कनेक्टर काढा, मगच एसएसडीला हात लावा. तिच्यावर काळा पत्रा चिकटवलेला असतो, तो नीट सोडवून नव्या एसएसडीवर लावा. एक स्क्रू काढला की ती तिरपी वर उठते.

क्लोन (जुन्या एसएसडीची हुबेहूब प्रत) करायची गरज नाही. नवी एसएसडी बसवून चार्जर लावा, आवाज कमी करायचं बटण धरून पॉवर दाबा, बायोसमध्ये जा आणि क्लाउड रिकव्हरी निवडा. वाय-फायचा पासवर्ड दिला की मशीन मूळचं विंडोज, ड्रायव्हर आणि आर्मरी क्रेटसकट स्वतः उतरवून बसवतं. बॅटरीचा कनेक्टर काढल्यानंतर कधीकधी मशीन नुसत्या बटणाने चालू होत नाही. चार्जर जोडला की होतं. जुनी एसएसडी एखाद्या यूएसबी केसमध्ये घालून ठेवा. पुढे स्टीमओएस टाकून बघायचं ठरवलंत आणि परत यावंसं वाटलं, तर ती जशीच्या तशी परत बसवता येते.